आयरिश सेशनमध्ये गिटार आणि बुझुकीची साथ : नवख्या वादकांसाठी मार्गदर्शन

आयर्लंडच्या पारंपरिक संगीतात गिटार किंवा बुझुकी (लांब मानेचे एक तंतुवाद्य) घेऊन बसलेल्या वादकाचे काम साथ करण्याचे असते, आणि साथ म्हणजे काय हे ख्याल किंवा नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. तरीही डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवे येथे नोकरी-शिक्षणासाठी राहणारा, थोडीफार गिटार येणारा एखादा जण पबमधल्या सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीत, पहिल्यांदा वाद्य उघडतो, तेव्हा त्याचे सारे लक्ष आपल्याला येणाऱ्या कॉर्डकडे (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांकडे) असते आणि समोर चाललेल्या धुनेकडे ते फार उशिरा वळते. या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी धून, मग लय, त्यानंतर तारा आणि कॉर्ड, आणि हे सारे जमू लागल्यावर प्रत्यक्ष सेशन.

सेशनमध्ये कोण काय वाजवते

सेशन हा प्रेक्षकांसाठी मांडलेला कार्यक्रम नसतो. एका टेबलाभोवती फिडल (म्हणजे व्हायोलिन), लाकडी फ्लूट, टिन व्हिसल (धातूची छोटी बासरी), काँसर्टिना (भात्याची छोटी पेटी), बटन अकॉर्डियन, बँजो आणि क्वचित इलन पाइप्स (आयरिश बॅगपाइप) घेऊन लोक बसतात आणि सगळे मिळून एकच धून वाजवतात. प्रत्येकाचे अलंकार थोडे वेगळे असतात, पण स्वरांची वाट एकच असते. कॉर्डची साथ या संगीतात उशिरा आली. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मायकल कोलमन यांच्यासारख्या स्लायगोच्या फिडलवादकांची ध्वनिमुद्रणे झाली, तेव्हा त्यांच्यामागे पियानो असे. त्यांतल्या काही मुद्रिकांत पियानोवादकाला धून ठाऊक नाही हे आजही लख्ख ऐकू येते. फिडल एका बाजूला जाते आणि कॉर्ड दुसऱ्या बाजूला. प्रत्येक नवख्या साथीदाराने या मुद्रिका एकदा तरी ऐकाव्यात, कारण धून न ऐकता केलेली साथ उत्तम वादनाचेही काय करते हे त्यांच्याइतके स्पष्ट दुसरे काही सांगत नाही.

ग्रीक बुझुकी आयरिश संगीतात १९६०च्या दशकाच्या मध्यास जॉनी मॉयनिहन यांनी आणली. अँडी अर्व्हाइन आणि डोनल लनी यांनी १९७२ मध्ये स्थापन झालेल्या प्लँक्स्टी या वाद्यवृंदातून तिला स्वतःचे स्थान मिळवून दिले. गिटारच्या बाबतीत तेच काम बॉथी बँडमधील मीहॉल ओ डोनल यांनी सत्तरच्या दशकात केले. म्हणजे ज्या परंपरेत आपण शिरतो आहोत तिचे वय सुमारे साठ वर्षांचे आहे, आणि धुनांची परंपरा तिच्यापेक्षा कितीतरी जुनी आहे. हे ध्यानात ठेवले की सेशनमध्ये कोणी कोणामागे चालायचे हा प्रश्न आपोआप सुटतो.

पहिली पायरी : धून गळ्यात बसवणे

पहिले काही आठवडे सेशनला वाद्याशिवाय जावे. बसून ऐकावे, वारंवार वाजणाऱ्या धुनांची नावे विचारावीत आणि घरी येऊन त्या गाव्यात. मराठी वाचकाला येथे एक मोठी सोय आहे. सरगम येत असेल तर धून सरगममध्ये म्हणावी. ती पाठ होतेच, शिवाय तिचा षड्ज कोठे आहे हेही त्याच वेळी कळते. शक्य असल्यास डी स्वराची टिन व्हिसल विकत घ्यावी. ती स्वस्त असते, आणि तिच्यावर दहा-बारा धुना सावकाश का होईना वाजवता येऊ लागल्या की साथीची समज जितकी वाढते तितकी कॉर्डचे तक्ते पाठ करून कधीच वाढत नाही.

बहुतेक धुनांची रचना साधी असते. आठ बारांचा (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा खंड) पहिला भाग दोनदा आणि आठ बारांचा दुसरा भाग दोनदा असे बत्तीस बारांचे एक आवर्तन होते. ही धून दोन किंवा तीन वेळा वाजते आणि मग न थांबता दुसरी धून सुरू होते. अशा दोन-तीन धुनांच्या माळेला सेट म्हणतात. रील आणि जिग हे धुनांचे दोन लयप्रकार; काही रीलमध्ये भाग दोनदा न वाजता एकदाच वाजतो, आणि काही जिगना तीन, चार किंवा पाच भाग असतात. पहिला भाग दुसऱ्यांदा येणार आहे हे माहीत असले की अनोळखी धुनेतही साथीदाराला सावरायला वेळ मिळतो: पहिल्या वेळी ऐकायचे आणि दुसऱ्या वेळी हळूच वाजवायचे.

दुसरी पायरी : लय आणि उजवा हात

सेशनमध्ये साथीदाराची चूक सर्वांत आधी लयीत ऐकू येते. चुकीची कॉर्ड एका बारात निघून जाते, पण घसरणारी किंवा पळणारी लय सगळ्या टेबलाला ओढून नेते. म्हणून घरी एकच कॉर्ड धरून, डाव्या हाताला काहीही काम न देता, संपूर्ण बत्तीस बार मेट्रोनोम या ठोके देणाऱ्या यंत्राबरोबर वाजवण्याचा सराव रोज करावा.

सर्वांत जास्त वाजतो तो रील. त्याच्या एका बारात आठ जलद स्वर येतात. केहरवा ठाऊक असलेल्याला चार-चारची ही विभागणी लगेच हाताला लागेल. हात खाली-वर, खाली-वर असा सलग फिरत राहतो आणि पहिल्या व पाचव्या आघाताला किंचित वजन द्यायचे असते. बरेच अनुभवी वादक वजन उलट, मधल्या मात्रांवर टाकतात आणि त्याने संगीताला सुंदर उठाव येतो, पण पाया पक्का होण्याआधी नवख्याने तसे केले तर धून वाजवणाऱ्यांना मुख्य ठोका सापडेनासा होतो. सेशनमधला मध्यम गतीचा रील अर्ध्या बाराला एक ठोका धरून मिनिटाला सुमारे १०० ते ११५ ठोक्यांवर चालतो. ही गती खांदा आणि मनगट सैल असल्याशिवाय तीन धुनांच्या सेटभर टिकत नाही.

जिगमध्ये तीन-तीनचे दोन गट असतात, त्यामुळे दादऱ्याच्या सहा मात्रांची आठवण येते. मात्र जिगचे तीन स्वर सारख्या लांबीचे नसतात. पहिला किंचित लांबतो, दुसरा आखडतो, आणि या असमानतेतच जिगची चाल आहे. तिच्यासाठी हाताची दिशा खाली-वर-खाली, खाली-वर-खाली अशी ठेवावी. तिसरा आणि चौथा असे दोन आघात लागोपाठ खाली येतात. सुरुवातीला हे अवघड वाटते आणि हात सारखा खाली-वर-खाली-वर फिरायला पाहतो, पण तसे केल्यास दुसऱ्या गटाचा पहिला ठोका वर जाणाऱ्या, तुलनेने दुबळ्या आघातावर पडतो आणि जिग लंगडते. म्हणून सुरुवातीचा त्रास सोसावा. स्लिप जिगमध्ये असेच तीन गट, म्हणजे नऊ मात्रा असतात. हॉर्नपाइप रीलसारखाच मोजायचा, पण सावकाश आणि लांब-आखूड अशा झोक्याने. पोल्का आणि स्लाइड हे विशेषतः केरी आणि कॉर्क यांच्या सीमाभागातले प्रकार असून ते तुलनेने सोपे आहेत. त्यांच्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

तिसरी पायरी : तारा कशा लावाव्यात

गिटारच्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्येही उत्तम साथ करणारे वादक आहेत, तेव्हा ते सोडलेच पाहिजे असे नाही. जाडी सहावी तार तेवढी ईवरून डीवर उतरवण्याची पद्धत आर्टी मग्लिन आणि जॉन डॉइल यांनी वापरली. तिचा फायदा असा की माहीत असलेले बहुतेक आकार तसेच राहतात आणि खाली भरदार डी मिळतो. परंतु नवख्याला मी तिसरी पद्धत सुचवीन. जाड तारेकडून बारीक तारेकडे डी–ए–डी–जी–ए–डी असे हे ट्यूनिंग इंग्लंडमधील गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी साठच्या दशकात रुळवले आणि मीहॉल ओ डोनल यांच्या हातून ते आयरिश साथीत पक्के झाले. नेहमीच्या ट्यूनिंगवरून तेथे जाण्यासाठी सहावी आणि पहिली तार ईवरून डीवर आणि दुसरी तार बीवरून एवर उतरवायची असते. डी हा षड्ज मानला तर मोकळ्या तारा सा–प–सा–म–प–सा अशा वाजतात. यांत गंधार नाही, शुद्धही नाही आणि कोमलही नाही, आणि या ट्यूनिंगचे सारे मोल तेवढ्यात आहे. धुनेचा गंधार कोणता हे पहिल्या काही बारांत कळले नाही तरी साथ तिला छेद देत नाही.

सुरुवातीला चार आकार पुरतात. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर (पडद्यावर) दाबून बाकी साऱ्या मोकळ्या ठेवल्या की डी मिळतो. सहावी आणि पाचवी तार पाचव्या फ्रेटवर दाबून वरच्या चार मोकळ्या सोडल्या की जी मिळतो. सहावी तार वगळून चौथी, तिसरी आणि पहिली दुसऱ्या फ्रेटवर दाबली की ए होतो. तिन्ही जाड्या तारा एका बोटाने दुसऱ्या फ्रेटवर दाबून पहिली तारही तेथेच धरली आणि मधल्या दोन मोकळ्या ठेवल्या की ई मायनर, म्हणजे कोमल गंधाराची कॉर्ड, होतो. कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चाप) उपयोगी असतो, पण सेटच्या मध्ये षड्ज बदलतो आणि तेव्हा कॅपो सरकवायला वेळ मिळत नाही, म्हणून हे चार आकार कॅपोविना यायला हवेत. उतरवलेली सहावी तार सैल पडून खणखणू नये यासाठी थोड्या जाड तारांचा संच लावावा.

बुझुकीला तारांच्या चार जोड्या असतात आणि ती बहुधा जी–डी–ए–डी अशी लावतात. हे ट्यूनिंगही जॉनी मॉयनिहन यांच्यापासून आले. मॅंडोलिन किंवा व्हायोलिन येणाऱ्याला जी–डी–ए–ई अधिक सोयीचे वाटेल. बुझुकीचा आवाज गिटारपेक्षा वरच्या पट्टीत राहतो आणि तिच्यावर सलग कॉर्ड आपटण्यापेक्षा दोन-तीन स्वरांचे धागे धुनेला समांतर विणणे अधिक शोभते. डे डॅनन या वाद्यवृंदातील अ‍ॅलेक फिन तीन जोड्यांच्या ग्रीक बुझुकीवर हे काम अतिशय नजाकतीने करीत.

चौथी पायरी : षड्ज आणि थाट ओळखणे

भारतीय संगीताची थोडीही ओळख असलेल्या वाचकाला या पायरीवर इतर नवख्यांपेक्षा बराच लाभ होतो. फ्लूट, टिन व्हिसल आणि पाइप्स ही वाद्ये डी स्वरावर बांधलेली असल्यामुळे बहुसंख्य धुना दोनच स्वरसंचांत फिरतात. पहिल्यात एफ आणि सी हे दोन स्वर शार्प (अर्ध्या स्वराने चढे) असतात, तर दुसऱ्यात फक्त एफ. आता मूर्च्छनेचा, म्हणजे तेच स्वर ठेवून षड्ज बदलण्याचा, विचार करावा. पहिल्या संचात डी षड्ज मानला तर बिलावल थाट मिळतो, ई मानला तर काफी, ए मानला तर खमाज आणि बी मानला तर आसावरी. दुसऱ्या संचात जी षड्ज धरून बिलावल, ए धरून काफी, डी धरून खमाज आणि ई धरून आसावरी मिळतो. सेशनमध्ये ऐकू येणाऱ्या धुनांचा फार मोठा हिस्सा या आठ जागांत बसतो. फिडलवादकांची आवड म्हणून ए षड्जाचा बिलावल अधूनमधून येतो, तेवढा वेगळा लक्षात ठेवावा.

कॉर्डची निवड यावरून ठरते. बिलावलात सा, म आणि प यांवरच्या कॉर्ड चालतात. डी षड्ज असेल तर डी, जी आणि ए. काफी आणि खमाजात मात्र षड्जाची कॉर्ड आणि तिच्या एक स्वर खालची, म्हणजे कोमल निषादावरची कॉर्ड, या दोघींवर जवळजवळ सगळी धून उभी राहते. ई काफीला ई मायनर आणि डी, ए काफीला ए मायनर आणि जी, ए खमाजाला ए आणि जी, डी खमाजाला डी आणि सी. ‘स्वॅलोटेल’ ही नवख्यांना लवकर भेटणारी जिग ई काफीची असून ई मायनर आणि डी या दोन कॉर्डवर ती सुखाने वाजते.

पॉप किंवा चित्रपटसंगीतातून आलेला गिटारवादक येथे हमखास अडखळतो. त्याला पंचमावरची मेजर (शुद्ध गंधाराची) कॉर्ड लावून षड्जावर परतण्याची सवय असते. ई काफीच्या धुनेत बी मेजर वाजवला की त्यात ईचा शुद्ध निषाद येतो आणि फिडलवर त्याच वेळी कोमल निषाद चाललेला असतो. कानाला ते तात्काळ बोचते. धैवताचेही तसेच आहे. ई षड्जाच्या धुनेत सी मेजर कॉर्ड लावण्याआधी धुनेतला धैवत ऐकावा. तो कोमल असेल तर ती कॉर्ड शोभते, शुद्ध असेल तर ती मोडते, आणि धुनेत धैवत मुळीच येत नसेल तर निवड वादकाच्या हाती राहते. कॉर्डची नावे पाठ करण्यापेक्षा हे दोन स्वर, निषाद आणि धैवत, ओळखण्याचा सराव करावा असे माझे ठाम मत आहे.

धुनेचा शेवटचा स्वर बहुतेक वेळा षड्ज असतो, पण नेहमी नाही. काही धुना फिरून सुरुवातीला जोडल्या जाण्यासाठी अधांतरी संपतात. तसेच दोन भागांचा षड्ज वेगळा असू शकतो. ‘ड्राउझी मॅगी’ या प्रसिद्ध रीलचा पहिला भाग ई काफीत आहे आणि दुसरा भाग डी बिलावलात उघडतो. ज्याने ती धून गळ्यात बसवली आहे त्याचा हात तेथे आपोआप डीकडे जातो. ज्याने बसवलेली नाही तो एक-दोन बार ई मायनरवर अडकून राहतो आणि दुसऱ्या भागाची सारी उजळण झाकली जाते.

पाचवी पायरी : टेबलाशी बसणे

सुरुवात संथ गतीच्या सेशनपासून करावी. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या कोल्तस केल्तोरी एरन या संस्थेच्या शाखा आयर्लंडभर, ब्रिटनमध्ये आणि उत्तर अमेरिकेतही आहेत आणि त्यांतल्या अनेक शाखा शिकणाऱ्यांसाठी वर्ग व सेशन चालवतात. डब्लिनच्या स्मिथफील्डमधील कॉबलस्टोन किंवा गॉलवेतील क्रेन बार अशा ठिकाणी आधी श्रोता म्हणून जावे. अनेक पबमध्ये दोन-तीन वादक सेशन पुढे नेण्यासाठी नेमलेले असतात. ते कोण हे पाहून घ्यावे आणि त्यांनाच विचारावे, ‘मी गिटार आणली आहे, बसू का?’

आधीच एखादा गिटार किंवा बुझुकीवादक बसलेला असेल तर आपले वाद्य पेटीतच ठेवावे. यामागे मानापमानाचा प्रश्न नाही. काफी किंवा खमाजातल्या एकाच ओळीला दोन-तीन प्रकारच्या कॉर्ड योग्य ठरू शकतात, आणि दोन साथीदारांनी एकाच क्षणी वेगवेगळ्या योग्य कॉर्ड निवडल्या तरी एकत्र ऐकताना गोंधळच होतो. त्या साथीदाराने एखाद्या सेटसाठी स्वतःहून जागा दिली तर आनंदाने घ्यावी आणि तो सेट संपल्यावर परत करावी. चिमट्याचा ट्यूनर लावून तारा शांतपणे जुळवाव्यात. सेट चालू असताना खुंट्या पिळू नयेत. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे. कोणी गायला लागले तर हात तारांवर आडवा ठेवून थांबावे. शॉन-नोस या जुन्या पद्धतीचे गाणे साथीविना गायले जाते, आणि मुक्त लयीतली एअर नावाची संथ धूनही नवख्याने साथीविना राहू द्यावी.

धून सुरू झाल्यावर पहिल्या भागात काहीही वाजवू नये. मग तळहाताने तारा किंचित दाबून धरून, एकाच तारेवर हलकेच षड्ज शोधावा. सापडला की सा-पवर राहावे आणि हात मोकळा सोडावा. फिडलवादकाचा गजाचा हात डोळ्यांसमोर ठेवला तर लय अधिक नेमकी सापडते. आपल्याला स्वतःच्या वाद्याखाली फ्लूट ऐकू येईनाशी झाली असेल, तर आवाज तेथेच कमी करावा. धून बदलायच्या आधी सेट पुढे नेणारा वादक बहुधा मान वर करून पाहतो किंवा ‘हप्!’ असे ओरडतो. त्या क्षणी नव्या षड्जाचा अंदाज बांधून जोरात कॉर्ड वाजवण्यापेक्षा दोन-चार बार गप्प राहून मग शिरावे, कारण नवी धून उघडताना तिचे पहिले स्वर मोकळे ऐकू आले तर तो बदल अधिक खुलतो.

पुढे काय ऐकावे, काय करून पाहावे

धुना आणि लय अंगी मुरू लागल्यावर तीन फेऱ्यांत साथ कशी वाढवत न्यावी याचा विचार सुरू करावा. पहिल्या फेरीत नुसते सा-प, दुसऱ्या फेरीत कॉर्डची हालचाल, तिसऱ्या फेरीत खर्जाचा स्वर पायरी-पायरीने उतरवत नेणे, एवढ्यानेही तीच धून तीनदा वेगळी ऐकू येते. यासाठी मीहॉल ओ डोनल यांनी फिडलवादक केव्हिन बर्क यांना केलेली साथ मन लावून ऐकावी आणि त्यात कॉर्ड किती वेळा बदलली ते कागदावर मोजावे. क्लेअर परगण्यातील फिडलवादक मार्टिन हेज यांना डेनिस केहिल यांनी दिलेली साथ तर कित्येक बार एखाद-दोन स्वरांवर थांबते आणि तरीही लय कोठेही सैल पडत नाही. त्यांचे एखादे ध्वनिमुद्रण लावून त्याबरोबर स्वतः वाजवावे, ते आपल्या फोनवर मुद्रित करावे, आणि आपण केहिल यांच्यापेक्षा किती जास्त आघात केले ते ऐकून पुढच्या वेळी त्यातले निम्मे गाळून पाहावेत.